सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ : ट्रॅक्टरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर आहे. चावी फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज येतो, इंजिन फिरत नाही. मेकॅनिक सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) बदला म्हणतो. बदलायचाच असेल तर घरी जमेल का? (वाचक, लांजा)

उत्तर : जमेल, पण आधी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे यंत्र) आणा. किनाऱ्यालगत बरेच सेल्फ विनाकारण बदलले जातात. खाऱ्या हवेने दोष वायरीत आलेला असतो आणि शिक्षा मोटरला होते.

गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा आणि इंजिन बंद करायचा नॉब ओढून ठेवा, म्हणजे तपासणी चालू असताना इंजिन सुरू होणार नाही. काही काळ स्वस्थ ठेवलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटर बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर धरा. व्होल्ट १२ च्या जवळच राहिले आणि मोटर गप्प असेल, तर तिला करंट पोचतच नाही: दोष वायर, सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या विजेच्या स्विचचे) जळलेले कॉन्टॅक्ट किंवा झिजलेले कार्बन (मोटरमध्ये करंट पोचवणारे ब्रश) यांत असतो. व्होल्ट एकदम ६-७ वर कोसळले, तर बॅटरी दमलेली आहे किंवा मोटर आतून जाम आहे. मोटर फिरते आहे, पण व्होल्ट ९.६ च्या खाली जातात, तर बॅटरीवर संशय घ्या.

आता वायर. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर (तिच्यावरच्या वायरीच्या क्लॅम्पवर नव्हे), दुसरे सोलेनॉइडच्या जाड वायरीच्या बोल्टवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले, तर ती वायर खराब. तसेच निगेटिव्ह खुंटी आणि सेल्फचे अंग यांमध्ये मोजा, ०.३ च्या वर गेले तर अर्थ (बॅटरीकडे परतीची जोडणी) खराब. क्लॅम्पजवळ रबर सोलून पाहा, तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या झालेल्या दिसतील. चांगली तार लागेपर्यंत कापून नवीन लग (वायरीच्या टोकाची कडी) दाबून घ्या, किंवा पूर्ण वायर बदला. अर्थची पट्टी चेसिसला जिथे लागते, तिथला रंग आणि गंज घासून काढा.

एवढे करूनही बॅटरी, वायर, अर्थ ठीक असतील तरच सेल्फ काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढायची आणि सर्वांत शेवटी लावायची. नाहीतर पाना पॉझिटिव्हच्या बोल्टवरून ट्रॅक्टरच्या अंगाला लागून ठिणगी उडते. सोलेनॉइडवर जाड वायर कोणती आणि बारीक वायर कोणती, फोटो काढून ठेवा. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल द्या. मोटर जड असते. शेवटचा बोल्ट सोडताना एका हाताने ती धरून ठेवा, तारांवर लोंबू देऊ नका. मोटर आणि बेलहाउसिंग (क्लच-फ्लायव्हीलवरचे आवरण) यांमध्ये पातळ पत्रा किंवा पॅकिंग असेल तर ते जपा. पिनियन (सेल्फचे छोटे दातेरी चाक) आणि रिंग (फ्लायव्हीलवरचे मोठे दातेरी कडे, रिंगगिअर) यांमधले अंतर त्यावरच ठरते.

नवीन सेल्फ घेताना पिनियनचे दात मोजा, बोल्टची भोके जुळवा, फिरण्याची दिशा पाहा. बाहेरून सारखे दिसणारे दोन सेल्फ दातांनी वेगळे निघतात. बसवण्यापूर्वी बसण्याची जागा चकचकीत घासा, कारण मोटरचा अर्थ तिथूनच जातो. बोल्ट आळीपाळीने आवळा. सोलेनॉइडचा तांब्याचा स्टड फार आवळू नका, आतून फिरला की नवा सोलेनॉइड घ्यावा लागतो. आणि पिनियनच्या शाफ्टला ग्रीस चोपडू नका; क्लचची धूळ चिकटून तो जाम होतो.

प्रश्न : नवा सेल्फ बसवला, तरी मधूनच ‘कर्रर’ करतो आणि मोटर रिकामी फिरते. (वाचक, गुहागर)

उत्तर : रिंगगिअर पाहिला का? इंजिन बंद होताना ठरावीक ठिकाणीच थांबते: तीन सिलिंडरचे तीन जागी, चार सिलिंडरचे दोन जागी. म्हणून पिनियन नेहमी त्याच दातांवर आपटतो. मोटर काढून, पुढच्या पुलीच्या बोल्टने इंजिन हाताने फिरवत टॉर्चने पूर्ण रिंग पाहा. दात कोपऱ्यात खाल्ले गेले असतील तर रिंगच बदलायला हवी, आणि त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करावे लागतात. रिंग धडधाकट असेल, तर पिनियनचा एकतर्फी क्लच घसरतो आहे. पिनियन एका दिशेने मोकळा आणि दुसऱ्या दिशेने शाफ्टला पक्का धरायला हवा. नव्या मालातही तो खराब निघतो. पॅकिंगचा पत्रा राहून गेला का, तेही पाहा.

प्रश्न : नवा घ्यावा की जुनाच दुरुस्त करावा? (वाचक, अलिबाग)

उत्तर : आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जळले नसेल तर जुना दुरुस्त करा. जुन्या मोटरचे लोखंड आणि तांबे वजनदार असते. कार्बन निम्म्याखाली झिजले की बदला. कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याचा भाग, ज्यावर कार्बन घासतात) झीरो नंबरच्या काचकागदाने साफ करा, एमरी कागद नको, त्याची पूड वीज वाहून नेते. नवे ब्राँझचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा; घाईघाईत कोरडे बसवलेले बुश आर्मेचर वाकडे चालवतात आणि ते बाजूच्या पोलला (मोटरच्या आतल्या स्थिर लोखंडी तुकड्याला) घासते. बदलायचाच असेल तर गिअर-रिडक्शनचा सेल्फ हलका असतो, करंट कमी ओढतो. पण अशा अनेक सेल्फमध्ये चुंबके असतात, अडला म्हणून त्याच्यावर हातोडी मारू नका.

प्रश्न : पुरात ट्रॅक्टर बुडाला होता. सेल्फ मारून पाहू का? (वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, तेल बदला. सेल्फ काढून, उघडून गोड्या पाण्याने धुवा, उन्हात सुकवा आणि मगच जोडा. बऱ्याच ट्रॅक्टरना बेलहाउसिंगच्या तळाला भोक असते. चिखलणीआधी त्याला बूच लावायचे आणि काम संपल्यावर काढायचे, नाहीतर आत शिरलेले पाणी सेल्फच्या तोंडाशी साचून राहते.

याच पत्रात स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडून इंजिन चालू करण्याविषयी विचारले आहे. जमिनीवर उभे राहून असे करू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो इंजिन चालू होताच मागच्या चाकाखाली घेतो, आणि क्लचचा सुरक्षा स्विचही यात वळसा घालून टाळला जातो. सेल्फ सलग १० ते १५ सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा.