बाप जिवंत असताना टक्कल?

प्रश्न: ताई, आमच्या गल्लीतल्या सात वर्षाच्या पोराला ब्लड कॅन्सर झालाय, केमो चालूय, केस सगळे गेलेत, आणि बाहेर यायचं म्हटलं की मेच्या उन्हात कानटोपी ओढून येतंय. आम्ही तालमीतल्या बारा जणांनी ठरवलंय टक्कल करायचं आणि लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला पैसे गोळा करायचे. पण आई ऐकंना झालीय, बाप जिवंत असताना डोकं भादरतोस व्हय म्हणती. आणि एक मित्र म्हणतोय टकलाचा न् पैशाचा काय संबंध, सरळ पैसे द्या की.
— तालमीतला एक, शिवाजी पेठ

उत्तर: भावा, मित्राचं अर्धं बरोबर आहे, वस्तऱ्यातून पैसे पडत नाहीत. पण न्यूयॉर्कच्या एका पबमध्ये १७ मार्च २००० ला विमा धंद्यातल्या लोकांनी हेच केलं होतं, १७ जणांनी टक्कल करून १७ हजार डॉलर जमवायचे असं ठरलेलं, बसले १९ जण आणि जमले लाखाच्या वर डॉलर. त्यातूनच पुढे सेंट बाल्ड्रिक्स ही संस्था उभी राहिली. गंमत अशी की टक्कल हे फक्त निमित्त, खरं काम त्याआधी ओळखीच्यांना गाठून 'मी बसतो खुर्चीत, तू किती देतोस बोल' म्हणण्याचं. गणपतीच्या वर्गणीचा तुम्हाला सराव आहेच, फक्त आकडा डोक्यावर केस असतानाच लिहून घ्या, नंतर लोक नुसतेच 'भारी दिसतोयस' म्हणतात.

आणि संशोधन म्हणून मागितलेले पैसे संशोधनालाच जाऊ देत. पोराच्या औषधांना मदत करायची असेल तर ती वर्गणी वेगळी काढा, एका डब्यात दोन्ही टाकलं की भांडणं ठरलेली. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी आधी विचारा, थेट संस्थेच्या खात्यावर भरा, पावती तालमीत लावा. कुणी म्हणालं संशोधनाने काय होतंय, तर त्याला दारातली सदाफुली दाखव. व्हिन्क्रिस्टिन हे औषध तिच्यातूनच सापडलं, मुलांच्या ब्लड कॅन्सरवर ते आजही देतात, तुमच्या पोरालाही बहुतेक चालू असेल.

आईशी वाद घालू नकोस. फक्त विचार, हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपतीला जाऊन गल्लीतले किती जण गुळगुळीत होऊन आले, त्या सगळ्यांचे वडील काय गेले होते का? (माझ्या आईपुढे हे चाललं होतं, तुझीचं सांगता येत नाही.)

राहिलं ते पोरगं, आणि खरं तर त्यालाच आधी विचारायला हवं होतं. त्याला आवडेलच असं नाही, बारा टकली अचानक दारात बघून बिचकेल सुद्धा. एकट्याने जा, आईबापासमोर विचार. केमोत प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, म्हणून सर्दी-खोकला असलेल्याने लांबच राहायचं आणि घोळका करून आत शिरायचं नाही. हो म्हणाला तर झिरो मशीन कुणाच्या डोक्यावर पहिलं फिरवायचं ते त्याला ठरवू दे. कानटोपी काढ असं मात्र कुणी म्हणू नका. तसंही मेच्या उन्हात ताज्या टकलाला असा चटका बसतो की दुसऱ्या दिवशी तुम्हा बाराही जणांना टोपी लागणार आहे.