अवॉर्डचा चेक घ्यावा की परत करावा?

काका, नमस्कार.

इंदूरच्या हद्दीत आलेल्या गावातली तुमची वडिलोपार्जित जमीन 2013च्या भूसंपादन कायद्याखाली रस्त्यासाठी गेली. अवॉर्डात, म्हणजे कलेक्टरच्या मोबदल्याच्या निवाड्यात, बाजारमूल्य 45 लाख, तेवढंच सोलेशियम (जमीन सक्तीनं घेतल्याबद्दलची जादा रक्कम) आणि वार्षिक 12 टक्क्यांनी 14 महिन्यांचे 6.30 लाख, असे एकूण 96.30 लाख धरले आहेत. मेहुणे म्हणतात, चेकला हात लावू नका, म्हणजे जमीन सुटेल. मुलगा म्हणतो, चेक घ्या आणि बायपासला फ्लॅट बुक करा. तुम्ही काय करावं, हा तुमचा प्रश्न.

चेक घ्या, पण लेखी विरोध नोंदवून घ्या.

मेहुण्यांचा सल्ला कळकळीचा असला तरी महागात पडेल. याच शहराच्या विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं मार्च 2020मध्ये निकाल दिला. प्रकरण जुन्या कायद्याखालच्या संपादनाचं होतं, पण त्यात स्पष्ट सांगितलं आहे की ज्यानं स्वतःच मोबदला नाकारला, त्याला नंतर संपादन रद्द झालं असा दावा करता येत नाही. तुम्ही चेक नाकारलात तर कलेक्टर ती रक्कम भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या वेगळ्या प्राधिकरणात जमा करतील. जमीनही जाईल आणि पैसाही तिथेच अडकून पडेल.

मुकाट्यानं चेक घेणंही तितकंच चूक. विरोध न नोंदवता रक्कम स्वीकारली की वाढीव मोबदला मागण्याचा हक्क संपतो. अवॉर्डच्या वेळी तुम्ही हजर होता, त्यामुळे कलेक्टरकडे रेफरन्सचा, म्हणजे वाद त्या प्राधिकरणाकडे पाठवण्याचा, लेखी अर्ज करायला त्या तारखेपासून सहाच आठवडे आहेत. आजच वकील गाठा.

भांडण कशावर करायचं? तुमच्या पत्रावरून वाटतं की मूल्य सरकारनं मुद्रांकासाठी ठरवलेल्या गाइडलाइन दरानं लावलं आहे. कायदा म्हणतो, गाइडलाइन दर आणि मागच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या रजिस्ट्र्यांपैकी (नोंदलेल्या खरेदीखतांपैकी) वरच्या निम्म्यांची सरासरी, यांत जे जास्त असेल ते धरा. तेव्हा शेजारच्या खसऱ्यांच्या (जमिनीच्या तुकड्यांच्या) रजिस्ट्र्यांच्या नकला काढा. ट्यूबवेल, पाइपलाइन आणि आंब्याची झाडं वेगळी मोजली आहेत का तेही पाहा, कारण त्यांच्या किमतीवरही सोलेशियम मिळतं. मूल्यात पाच लाख वाढले तर सोलेशियमसह दहा लाख होतात, वर व्याज. म्हणून या खटल्याचा खर्च मी वायफळ मानत नाही.

मालमत्तेचा हक्क 1978च्या 44व्या घटनादुरुस्तीनं मूलभूत हक्कांतून गेला, तरी घटनेच्या कलम 300-अ मध्ये तो शाबूत आहे. मे 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोलकाता महापालिकेच्या खटल्यात बजावलं की नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय आणि रास्त मोबदला हे सगळे त्याच हक्काचे भाग आहेत. सरकार रस्ता बांधो, पण त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून जाऊ नये. आपली माणसं साहेबांसमोर संकोचून सही करून मोकळी होतात, याचा मला फार राग येतो.

कराची चिंता नको. 2013च्या कायद्याच्या कलम 96नुसार या अवॉर्डवर आयकर नाही, टीडीएसही कापला जाऊ नये. पुढे वाढीव रकमेवर व्याज मिळालं तर त्याचा हिशेब वेगळा. तेव्हा सीएला विचारा.

आता फ्लॅट. मुलाला सांगा, थांब. खसऱ्याच्या नोंदीत तुमच्या बहिणीचं नाव नसलं तरी वडिलांच्या जमिनीत तिचा हिस्सा आहे. निम्मा-निम्मा धरला तर तुमचे 48 लाख होतात, 96 नव्हे. या जमिनीच्या बटाईतून तुम्हाला वर्षाला 60 हजार मिळत होते. तुमचं वय 64, तेव्हा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख टाका. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 रुपये येतील. हे व्याज मात्र करपात्र आहे. उरलेले 18 लाख खटल्याचा निकाल लागेपर्यंत एफडीत ठेवा, वकील आणि मूल्यांककाची फी त्यातून जाईल. पण बहिणीशी बोलणं रक्कम खात्यात येण्याआधीच करून घ्या. वाटपाचा वाद उभा राहिला तर मोबदला त्या प्राधिकरणातच अडकेल.