नटाच्या घरी दुसऱ्यांदा जाताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

त्या नटाच्या घरी काढलेले तुझे चौदाही फोटो मिळाले. दोन दिवस रोज संध्याकाळी ते उघडून बघत होतो. उजेड चांगला पकडला आहेस, डोळे फोकसमध्ये आहेत, मागे नको ते काही आलेलं नाही. तरी तू लिहितेस की फोटो ‘बसत’ नाहीत, आणि ते खरं आहे. चौदाही फोटोंत त्यांची हनुवटी एकाच उंचीवर आहे, बघ. स्पॉटलाइट अंगावर पडला की ते स्टेजवर जेवढी उचलतात, बरोबर तेवढीच. तू त्यांच्या घरी गेलीस, पण त्यांनी तुला प्रयोग दाखवला.

यात त्यांची चूक नाही. समोर कोणी बघायला बसलं की नट काम करायला लागतो. आयुष्यभराची ती सवय आहे आणि आपण तिचा मान ठेवायला हवा. तो प्रयोग संपेपर्यंत आपण थांबत नाही, एवढंच आपलं चुकतं.

मला हे कसं कळलं ते सांगतो. पंचविशीत असताना जुन्या नाशकातल्या एका वाड्यात मी एका ज्येष्ठ नटाचे फोटो काढायला गेलो होतो. रोलचे दिवस होते, एका रोलमध्ये छत्तीस फोटो. त्यांनी सिल्कचा कुर्ता घातला, खांद्यावर शाल घेतली आणि तासभर मला सगळं दाखवलं, राग, करुणा, पश्चात्तापसुद्धा. मी भारावून बटण दाबत राहिलो. आकडा छत्तीसच्या पुढे गेला, अडतीस झाला, एकोणचाळीस झाला, तरी रोल पुढे सरकवणारी लिव्हर फिरतच होती. तेव्हा पोटात गोळा आला. रोलचं टोक आतल्या चाकाला अडकलंच नव्हतं, एकही फोटो आला नव्हता. लिव्हर ओढताना डावीकडची रीवाइंडची चावी फिरते का, हे मी पहिल्याच फोटोला बघायला हवं होतं. बघितलं नव्हतं.

रात्रभर झोप नाही. सकाळी नऊ वाजता कबुली द्यायला गेलो, तर ते बनियन-लेंग्यावर ओसरीत बसून काकूंबरोबर मेथी निवडत होते. मी मान खाली घालून झालेला प्रकार सांगितला. ते म्हणाले, “बस. एवढी जुडी होऊ दे.” मीही बसलो आणि निवडायला लागलो. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे प्रत्येक काडी हातभर लांब धरायची, पिवळं पान दिसलं की भुवई किंचित आत ओढायची, पान खुडून बाजूला टाकायचं आणि पुढची काडी घ्यायची. आदल्या दिवशी ‘पश्चात्ताप’ दाखवताना त्यांनी हीच भुवई दहापट ओढली होती. इथे ती एका पानासाठी हलत होती. जुडी संपत आली तेव्हा मी विचारलं, “काढू का?” त्यांनी होकाराची मान डोलावली आणि काम चालू ठेवलं. नऊ फोटो काढले. त्यातला एक त्यांच्या घरी अजून भिंतीवर आहे.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं हेच आहे की दुसऱ्यांदा जा. पहिल्या दिवशी त्यांना हवं ते सगळं करू दे, मनापासून काढ, ते फोटो त्यांना दे. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे दाखवायचं काही उरलेलं नसतं. आणि कृपा करून “नॅचरल राहा” असं म्हणू नकोस. नटाला ती दिग्दर्शकाची सूचना वाटते आणि तो नॅचरलचंही काम करतो. हाताला काहीतरी असू दे. सदऱ्याचं बटण लावायचं असेल, संहितेची सुटी झालेली पानं लावायची असतील, चहा गाळायचा असेल. “आवडती भूमिका कोणती?” हेही विचारू नकोस, त्याचं उत्तर त्यांनी शंभरदा दिलेलं असतं. “पाठांतर कुठे करता?” असं विचार. एक जण तुला गच्चीच्या जिन्यावर नेईल, दुसरा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, तिसरी म्हणेल, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी. फोटोची जागा अशीच सापडते.

आता घरातल्या उजेडाचं. वाड्यात नवखा फोटोग्राफर माणसाला चौकाच्या मधोमध उभं करतो, कारण तिथे उजेड जास्त. पण तो उजेड डोक्यावरून येतो आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे पडतात. त्यांना ओसरीच्या कडेला, छपराखाली, चौकाकडे तोंड करून बसव. वरून येणारा उजेड छपराने अडतो, समोरून तिरका येतो आणि डोळ्यांत चौकाचा पांढरा तुकडा चमकतो. फ्लॅटमध्ये आधी ट्यूबलाइट बंद कर. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकाच चेहऱ्यावर आला की अर्धा गाल निळसर, अर्धा पिवळा होतो आणि नंतर कितीही रंग सुधारले तरी तो चेहरा त्यांचा राहत नाही. पांढऱ्या चकचकीत फरशीवर ऊन पडत असेल तर खालूनही उजेड उसळतो आणि हनुवटीखालचा भाग भुतासारखा उजळतो. तिथे एखादी गडद सतरंजी टाक. उलट चेहऱ्याची एक बाजू फारच काळी पडत असेल तर धुतलेली पांढरी चादर खुर्चीच्या पाठीवर टाकून त्या बाजूला ठेव, महागड्या रिफ्लेक्टरची गरज नाही. चष्म्यात खिडकी दिसत असेल तर चष्म्याच्या दांड्या कानावरून किंचित उचलायला सांग, काच थोडी खाली झुकते आणि खिडकी निघून जाते.

अंतराचंही नीट सांगतो, कारण तुझ्या तीन फोटोंत नाक मोठं आलं आहे. नाक लेन्समुळे मोठं होत नाही, तू फार जवळ गेल्यामुळे होतं. निदान दीड मीटर लांब राहा आणि मग चेहरा भरेल अशी लेन्स लाव. तुझ्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरची साधी लेन्स साधारण ७५-८० सारखी वागते, चेहऱ्याला तेवढी पुरते. बोलणाऱ्या माणसासाठी शटर सेकंदाच्या १/२०० पेक्षा हळू नेऊ नकोस. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० करावा लागला तरी कर. दाणेदार फोटो चालतो, हललेली नजर चालत नाही.

घराबाहेर काढायचे असतील तर आपल्या गावाचा उजेड ओळखून घे. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, म्हणजे पंचवटी पूर्वेच्या काठावर आणि जुनं नाशिक पश्चिमेच्या. सकाळचं कोवळं ऊन पंचवटीच्या मागून येऊन नाशिककडच्या काठावर पडतं, संध्याकाळचं उलट, पंचवटीच्या पायऱ्यांवर. कोणाला कुठल्या काठावर कधी उभं करायचं ते एवढ्यावरून ठरतं. नारोशंकराच्या देवळासारखी काळ्या दगडाची भिंत मागे असली की कॅमेरा फसतो. काळं दिसलं की तो उजेड वाढवतो आणि कपाळ पांढरंफटक करतो. एक्स्पोजर एक स्टॉप कमी कर, म्हणजे उजेड निम्मा कर. दगड काळाच दिसू दे, चेहरा वर येईल.

मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगतो. रामकुंडावर रोज कोणाच्या तरी अस्थी येतात, कोणाचं तरी दहाव्याचं चाललेलं असतं. तिथे नटाला उदास उभं करून मागे खऱ्या रडणाऱ्या माणसांना धूसर करू नकोस. असे फोटो मी पाहिले आहेत, बक्षिसं मिळवलेलेही. मला ते बघवत नाहीत. नदीच हवी असेल तर सोमेश्वरला जा.

खरं म्हणजे नदीपेक्षा मला त्यांची नोकरी हवी आहे. आपल्याकडचे हौशी नट दिवसा सातपूर-अंबडच्या कंपन्यांत असतात, ओझरच्या विमान कारखान्यात असतात, नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये, शाळेत, बँकेत असतात. पहिली पाळी करून सुटलेला, तासाभराने तालमीला निघायचा आहे असा माणूस गेटजवळ गाडीवर हेल्मेट ठेवून उभा असतो, त्या तासात त्याच्या चेहऱ्यावर दोन्ही माणसं असतात. (गेटच्या आत कॅमेरा काढू नकोस, प्रेससारख्या ठिकाणी तर रस्त्यावरही विचारून काढ.) त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या पहिल्या चित्रपटासाठी राणी तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा त्यांनी अण्णा साळुंके यांना घेतलं. साळुंके एका खाणावळीत कामाला होते. पुढे फाळके काम घेऊन नाशिकला आले आणि त्यांच्या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. दादासाहेब आधी फोटोग्राफर होते, हे लक्षात ठेव. भटारखान्यातल्या माणसात त्यांना तारामती दिसली. तुला उलट्या दिशेने जायचं आहे, राजाचं काम करणाऱ्यातला कामगार शोधायचा आहे.

नाट्यस्पर्धेच्या दिवसांत साईखेडकर नाट्यगृहात किंवा कालिदास कलामंदिरात रंगपटात जायला मिळालं तर तिसऱ्या घंटेआधीचा अर्धा तास कॅमेरा पिशवीत ठेव. कोणी पुटपुटत असतं, कोणी देवाला हात जोडत असतं. तो वेळ त्यांचा आहे. प्रयोगानंतर मात्र तयार राहा. खोबरेल तेलाने रंग उतरवताना आधी कपाळ मोकळं होतं, मग नाक, आणि काही क्षण अर्धा चेहरा भूमिकेतला, अर्धा घरचा असतो. हे एका फोटोत मावत नाही. पाच-सहा काढ.

ऑडिशनसाठी फोटो मागतील तेव्हा यातलं काहीही करू नकोस. साधी भिंत, समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, एक पूर्ण उंचीचा, मेकअप जवळजवळ नाही. कातडी गुळगुळीत करून दिलीस तर मुंबईला बोलावणं येतं आणि दारात वेगळाच माणूस उभा राहतो. जाण्यायेण्याचा खर्च त्याचा होतो.

पैशांचं आधीच बोल आणि लिहून ठेव. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि दुसरं काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. तू स्वतःहून, पैसे न घेता काढलास तर तुझा. प्रदर्शनात लावायचा असेल तर हक्क तुझा असला तरी त्यांना विचार. एखादी ज्येष्ठ अभिनेत्री म्हणाली, “हा नको,” तर तो नको. कारण विचारू नकोस.

तुझे ते चौदा फोटो छापून घे, निदान चार तरी, मोबाइलवर दाखवू नकोस. रविवारी सकाळी ते घेऊन त्यांच्याकडे जा. ते चष्मा शोधतील, फोटो खिडकीकडे नेतील, लांब धरून बघतील, काकूंना हाक मारतील. कॅमेरा गळ्यात असू दे, झाकण काढलेलं असू दे. चहा दिला तर आधी चहा घे.

तुझा,
काका