एनएव्ही वाढली, मग फंड व्हॅल्यू का नाही? : युलिपबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या युलिपच्या फंडाची एनएव्ही वर्षभरात १० टक्क्यांनी वाढली. फंड व्हॅल्यू मात्र तेवढी वाढलेली नाही. मधल्या मध्ये पैसे कुठे जातात?

युलिप म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र देणारी पॉलिसी. फंडातला तुमचा वाटा युनिटांत मोजतात आणि एका युनिटाची किंमत म्हणजे एनएव्ही. तुम्ही एनएव्ही बघताय आणि कपात होते ती युनिटांच्या संख्येत. फंड व्हॅल्यू म्हणजे तुमच्या नावावरची युनिटं गुणिले त्या दिवसाची एनएव्ही. दोन्ही आकडे वेगवेगळ्या कारणांनी हलतात, म्हणून ते वेगवेगळे तपासावे लागतात.

आधी एनएव्ही. फंडातल्या शेअर-रोख्यांचं त्या दिवसाचं बाजारमूल्य घ्यायचं, त्यात रोकड आणि जमा झालेलं व्याज मिळवायचं, देणी आणि फंड व्यवस्थापन शुल्क वजा करायचं आणि उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागायचं. व्यवस्थापन शुल्काची कमाल मर्यादा वर्षाला १.३५ टक्के आहे. ते रोज थोडं थोडं निघतं. एक लाखाच्या फंडावर दिवसाला साधारण ३ रुपये ७० पैसे. जाहीर होणारी एनएव्ही हे शुल्क कापूनच आलेली असते, त्यामुळे स्टेटमेंटमध्ये त्याची वेगळी ओळ शोधू नका.

आता युनिटं. समजा वार्षिक हप्ता ६०,००० रुपये, विमा रक्कम ६ लाख आणि हप्त्यातून आधीच कापलं जाणारं अ‍ॅलोकेशन शुल्क ४ टक्के. २,४०० रुपये आधीच बाजूला जातात, ५७,६०० गुंतवले जातात. एनएव्ही २४ असेल तर २,४०० युनिटं मिळाली. पुढच्या कपातीच्या दिवशी एनएव्ही २३.८० झाली, म्हणजे फंड ५७,१२० रुपयांचा. कंपनीच्या डोक्यावरची जोखीम, म्हणजे मृत्यू झाल्यास तिला पदरचे घालावे लागतील ते पैसे, ६ लाख वजा ५७,१२०, म्हणजे ५,४२,८८०. तुमच्या वयाचा मॉर्टॅलिटी दर (या जोखमीसाठीचा विम्याचा दर) हजारी २ रुपये धरला, तर वर्षाचे १,०८५.७६ आणि महिन्याचे ९०.४८. त्यात पॉलिसी प्रशासन शुल्क, समजा १०० रुपये. एकूण १९०.४८ भागिले २३.८०, म्हणजे ८.००३४ युनिटं रद्द. उरली २,३९१.९९६६ युनिटं, किंमत ५६,९२९.५२ रुपये. (दर आणि शुल्कं उदाहरणापुरती आहेत, तुमच्या पॉलिसीची तिच्या दस्तऐवजातल्या तक्त्यात सापडतील.)

हे दर महिन्याला चालतं. जुन्या स्टेटमेंटमध्ये या शुल्कांवर १८ टक्के जीएसटीही दिसेल. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा तो कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला.

म्हणून एनएव्हीची वाढ हा तुमचा परतावा नव्हे. प्रत्येक हप्त्याची तारीख आणि पूर्ण रक्कम उणे चिन्ह देऊन एक्सेलमध्ये लिहा, शेवटी आजची फंड व्हॅल्यू लिहा आणि एक्सआयआरआर (वेगवेगळ्या तारखांना भरलेल्या रकमांवरचा वार्षिक परतावा काढणारं सूत्र) काढा. येणारा आकडा विम्याचा खर्च गेल्यानंतरचा असतो, तेव्हा म्युच्युअल फंडाशी तुलना करताना ते ध्यानात ठेवा.

प्रश्न : बाजार पडला त्या महिन्यांत नेहमीपेक्षा जास्त युनिटं कापली गेली. ही चूक आहे का?

बहुधा नाही. मृत्यूनंतर विमा रक्कम किंवा फंड व्हॅल्यू यांतली जी जास्त ती देणारी तुमची पॉलिसी असावी. अशा पॉलिसीत फंड घसरला की कंपनीची जोखीम वाढते. ६ लाखांच्या विम्यावर १२,५०० युनिटं आणि ४० ची एनएव्ही असेल, तर फंड ५ लाखांचा आणि जोखीम फक्त १ लाखाची. एनएव्ही २८ वर आली की फंड साडेतीन लाख, जोखीम अडीच लाख. हजारी ५ रुपये दराने महिन्याचं शुल्क ४१.६७ वरून १०४.१७ रुपयांवर जातं आणि तेही स्वस्त झालेली युनिटं विकून वसूल होतं. आधी जेमतेम १.०४ युनिटं जात होती, आता ३.७२ जातात. शुल्क अडीचपट, युनिटं साडेतीनपटीहून जास्त! पन्नाशीनंतर दरही भराभर चढतो, त्यामुळे त्या वयात पॉलिसीतला दरांचा तक्ता दरवर्षी बघायलाच हवा.

विमा रक्कम अधिक फंड व्हॅल्यू अशी दोन्ही देणाऱ्या पॉलिसीत फंड घसरल्यामुळे शुल्क वाढत नाही. तिथे जोखीम कायम पूर्ण विमा रकमेची असते. फंड कितीही वाढला तरी शुल्काचा भार त्यामुळे हलका होत नाही.

आणखी एक बाब. मृत्यूनंतरची रक्कम भरलेल्या एकूण हप्त्यांच्या १०५ टक्क्यांपेक्षा कमी असू शकत नाही. बरेच हप्ते भरून झाल्यावर हा आकडा विमा रकमेच्या पुढे जातो आणि जोखीम त्यावरून मोजली जाते. तुमचा हिशेब कंपनीशी जुळत नसेल तर आधी हे तपासा.

प्रश्न : चेक दिला त्या दिवशीची एनएव्ही मला का मिळाली नाही?

दुपारी ३ ही मर्यादा आहे. स्थानिक चेक ३ पर्यंत पोचला तर त्या दिवसाची, नंतर पोचला तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही लागते. बाहेरगावचा चेक असेल तर पैसे वटतील त्या दिवसाची. हप्ता देय तारखेआधी भरला असेल तर युनिटं देय तारखेलाच मिळतात, आधी भरल्याचा फायदा नाही. पावतीवरची वेळ जपून ठेवा, तक्रारीत तीच कामी येते.

प्रश्न : तिसऱ्या वर्षी पॉलिसी बंद केली तर फंड व्हॅल्यू हातात येईल का?

लगेच नाही. पाच वर्षांचा लॉक-इन संपेपर्यंत पैसे ‘डिस्कंटिन्यूड पॉलिसी फंडा’त जातात. जाताना शुल्क लागतं : वार्षिक हप्ता ५०,००० च्या वर असेल तर तिसऱ्या वर्षी जास्तीत जास्त, वार्षिक हप्ता किंवा फंड व्हॅल्यू यांतल्या कमी रकमेच्या ३ टक्के, आणि तेही ४,००० रुपयांपलीकडे नाही. ६०,००० च्या हप्त्यावर हे १,८०० होतात. त्या फंडावर किमान ४ टक्के व्याज मिळतं आणि विमा संरक्षण मात्र थांबतं. घरात दुसरा विमा नसेल तर आधी टर्म पॉलिसी (फक्त विमा, गुंतवणूक नाही) हातात पडू द्या, मगच अर्ज करा.

प्रश्न : १५ रुपये एनएव्हीच्या फंडात स्विच केलं तर ६० च्या फंडापेक्षा स्वस्त पडेल का?

नाही. एका फंडातली युनिटं विकून तेवढ्याच रकमेची दुसऱ्यात घेतली जातात. युनिटं चौपट दिसतील, रक्कम तीच राहील. बघायचं ते फंडात शेअर किती, रोखे किती आणि वर्षाला किती स्विच फुकट आहेत एवढंच.