दोन पाने नणंदेबद्दल, चार ओळी उलटीबद्दल

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

माझे वय ४१ आहे. २३ दिवसांपूर्वी वजन कमी करण्यासाठी माझी दुर्बिणीद्वारे स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठर लहान करण्याची) झाली. पहिल्या पंधरवड्यात ७ किलो वजन उतरले, पण गेले आठ दिवस काटा तसूभरही हललेला नाही. ‘कष्ट नकोत म्हणून सोपा मार्ग धरला,’ असे नणंद मला ऐकू जाईल अशा बेताने बोलते. कार्यालयात मी पित्ताशयाचे ऑपरेशन झाल्याचे सांगितले आहे. भूक अशी लागत नाही, तरीही रात्री सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते आणि मला रडू येते. परवा मुलीच्या ताटात उरलेला पावाचा तुकडा दिवा न लावताच खाल्ला. तो छातीत अडकला आणि उलटी झाली. काल पाण्यानेही एकदा झाली. रक्तदाबाची गोळी पूर्वीसारखीच चालू आहे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पण तो अशक्तपणा असावा. माझे चुकले का? आणि बारा वर्षांच्या मुलीला काय सांगू?

उत्तर

तुमचे मूळ पत्र पाच पानांचे होते. त्यातली दोन पाने नणंदेच्या बोलण्याला गेली होती आणि उलटी, अंधारी व गोळी यांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या होत्या. पत्र मिळाले त्याच दिवशी मी तुम्हाला कळवले होते की, आधी सर्जनच्या दवाखान्यात फोन करा. तुम्ही तो केलात की नाही हे समजले नाही, म्हणून तेच येथे पुन्हा आणि सविस्तर लिहिते.

या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या अरुंद नळीला वरपासून खालपर्यंत शिवण असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती शिवण भरून येत असते आणि आतली सूजही पुरती ओसरलेली नसते. पावाचा मऊ तुकडा चावला की त्याचा चिकट गोळा होतो आणि तो नेमका तिथेच अडकतो. म्हणूनच या काळात पातळ आणि गुळगुळीत वाटलेल्या पदार्थांपलीकडे घाईने जाऊ देत नाहीत. पावाने झालेली एक उलटी समजण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी पाणीही न टिकणे ही निराळी गोष्ट आहे. उलट्या चालू राहिल्या तर शरीरातले पाणी तर घटतेच, शिवाय थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत संपून मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. अंधारीचेही तसेच. आहार इतका कमी झाल्यावर आणि वजन उतरू लागल्यावर रक्तदाबाच्या गोळीची जुनी मात्रा जास्त ठरू शकते. पाणी कमी पडत असेल तर अधिकच. मात्रा किती ठेवायची हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना अंधारी येते हे माहीतच नसेल तर ते काय ठरवणार? लघवी गडद होत असेल तर तेही सांगा.

याखेरीज काही लक्षणे अशी आहेत की ज्यांत फोनवर बोलत बसायचे नसते, थेट रुग्णालय गाठायचे असते: स्वस्थ बसले असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर जाणे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात उमटणारी कळ, धाप लागणे, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे. पहिल्या काही लक्षणांमागे शिवणीतून गळती असू शकते. धाप आणि पोटरीची सूज यांमागे रक्ताची गुठळी.

आता रात्रीच्या स्वयंपाकघराकडे येते. भूक नाही आणि तरीही खावेसे वाटते, यात तुम्हाला विसंगती दिसते, पण ती तशी नाही. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते, तोच भाग आता काढलेला आहे. पोटाची भूक त्यामुळे मंदावली. मनाची सवय मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर काढून घेता येत नाही. दिवसभराचा शीण, अपमान, कंटाळा हे सगळे तुम्ही कित्येक वर्षे ज्या एका जागी नेऊन ठेवत होतात, ती जागाच अचानक बंद झाली आहे, आणि तिच्यासाठी रडू येणे मला अगदी स्वाभाविक वाटते. ‘माझे चुकले का?’ हा प्रश्न पहिल्या दोन-तीन महिन्यांत बऱ्याच जणांना पडतो. त्याचे उत्तर आज, अर्धपोटी आणि अपुऱ्या झोपेत, शोधू नका. मला काळजी रडण्याची नाही, अंधाराची आहे. तुम्ही तुकडा लपून खाल्लात, उलटी लपवलीत, आणि डॉक्टर रागावतील म्हणून बहुधा त्यांनाही ती सांगितली नाहीत. लपून खाण्याची सवय शस्त्रक्रियेच्या आधीपासूनची असेल, तर आहारतज्ज्ञांना ती स्पष्ट सांगा आणि समुपदेशकाची वेळ मागा. ते यासाठीच असतात, आणि असे ऐकण्याची ही त्यांची पहिली वेळ नसते.

काट्याबद्दल थोडक्यात. पहिल्या पंधरवड्यात गेलेल्या ७ किलोंमध्ये पाण्याचा वाटा मोठा होता. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. उपासमारीत साठा संपतो, पाणी निघून जाते आणि काटा झरझर उतरतो. पुढे शरीर तो साठा थोडा भरून काढते, आणि त्या दिवसांत चरबी घटत असूनही आकडा जागचा हलत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या आसपासचा हा अडथळा इतका नेहमीचा आहे की अनुभवी परिचारिका तो आधीच सांगून ठेवतात. वजन आठवड्यातून एकदाच करा. रोज मोजायचेच असेल तर प्रथिने मोजा (साधारण ६० ग्रॅम किंवा तुम्हाला ठरवून दिली असतील तेवढी) आणि पाणी मोजा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे ते छोटे माप जवळ ठेवा. १५ मिलिलिटर, मग थोडे थांबणे, मग पुन्हा १५, अशा गतीने दिवसाला दीड लिटरच्या आसपास पोहोचता येते. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी नको.

नणंदेबद्दल मला फार लिहावेसे वाटत नाही. जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि ठरावीक काळाने रक्ततपासण्या मागे लावणारा मार्ग सोपा कसा, हे त्यांना विचारून काही साधणार नाही. पुढच्या वेळी त्या बोलतील तेव्हा उत्तर नवऱ्याने द्यावे. बहीण त्यांची आहे.

कार्यालयातली थाप मात्र मला खुपली नाही. तुमचे पोट हा सहकाऱ्यांचा विषय नाही. पण पुढे कधी दात दुखला, गुडघा दुखला आणि नव्या डॉक्टरांकडे गेलात, तर तिथे पित्ताशय सांगू नका. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या या शस्त्रक्रियेनंतर सहसा टाळायला सांगतात, कारण त्यांनी जठराला व्रण होऊ शकतो.

मुलीला तुम्ही अजून काही सांगितलेले नाही, पण बारा वर्षांची मुलगी आईच्या वाटीत काय आणि किती आहे हे बरोबर पाहत असते. ‘मी जाड होते म्हणून’ एवढे वाक्य तिच्या कानावर घालू नका. या वयात ते ती स्वतःच्या शरीराला लावून पाहील. माझ्या तब्येतीसाठी जठर लहान केले आहे, जखम भरेपर्यंत असे खावे लागते आणि तिचे जेवण नेहमीसारखेच राहील, एवढे तिला पुरेल. आणि आज रात्री सगळे जेवायला बसतील तेव्हा तुम्हीही तुमची वाटी आणि ते औषधाचे माप घेऊन त्यांच्यातच बसा. तिने मापाबद्दल विचारले तर एखाद्या वेळी तिलाच ते भरून द्यायला सांगा.