कॉलरवरचा मदतनीस आणि पावणेसहाची लोकल

प्रश्न : मी ऐरोलीत राहणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. चोवीस तासांच्या हॅकेथॉनमध्ये (संघांनी ठरावीक वेळेत अ‍ॅप तयार करण्याच्या स्पर्धेत) आम्हाला कॉलरला लावायच्या, पडदा नसलेल्या एआय उपकरणासाठी आवाजावर चालणारे अ‍ॅप करायचे आहे. ठाणे-वाशी मार्गावरची पुढची लोकल सांगणारे अ‍ॅप मनात आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : पडद्यावरची दहा गाड्यांची यादी डोळा क्षणात चाळतो, कानाला ते जमत नाही, म्हणून एकच गाडी सांगा, दुसरी विचारल्यावरच. माणसांच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात साधारण २०० मिलिसेकंद जातात. तुमचे उत्तर सर्व्हरवरून येईपर्यंत त्याहून वेळ लागणारच, तेव्हा ‘ऐकले’ एवढे कळवणारा बारीक ध्वनी लगेच वाजवा.

खरी मेख मराठी वेळेत आहे. ‘पावणेसहाची आहे का?’ या प्रश्नातला ‘पावणे’ गळला, की अ‍ॅप सहाची गाडी शोधते आणि प्रवासी ५.४५ ची गमावतो. पावणे, सव्वा, साडे, दीड, अडीच यांचे नियम हाताने लिहा. तासाभराचे काम आहे, आणि बहुतेक संघ नेमके तेच टाळतात. समजलेली वेळ उत्तरात पुन्हा उच्चारा, म्हणजे चूक तिथल्या तिथे पकडता येईल.

चाचणीचे ध्वनिमुद्रण शांत सभागृहात नव्हे, तर ठाणे स्थानकाच्या फलाटावर, उद्घोषणा चालू असताना करा. मायक्रोफोन मात्र बटण दाबल्यावरच सुरू व्हावा, कारण शेजारच्या प्रवाशाने संमती दिलेली नसते.