दिवा वेगाने चालू-बंद केल्यास कमी विजेत तेवढाच उजेड दिसतो का?

एलईडी सतत पेटता ठेवण्याऐवजी वेगाने चालू-बंद करत राहिलो, तर डोळ्याला तो तेवढाच प्रखर दिसेल आणि वीज मात्र निम्मी लागेल का, असे आपण विचारले आहे. नाही, तसे होत नाही. मात्र असा समज का होतो, हे पाहण्याजोगे आहे.

दृष्टिपटलावरील पेशींचा प्रतिसाद चढायला आणि ओसरायला थोडा वेळ लागतो. त्यामुळे लुकलुकण्याचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की झोत वेगळे जाणवत नाहीत आणि प्रकाश सलग दिसतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ टॅलबट आणि बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ प्लाटो यांनी मांडलेला नियम असा, की या मर्यादेपलीकडे डोळ्याला फक्त सरासरी प्रकाश जाणवतो. निम्मा वेळ बंद असलेला दिवा निम्म्या प्रकाशाच्या स्थिर दिव्याइतकाच उजळ दिसतो. आता खरी गोम अशी, की प्रकाश निम्म्यावर आला तरी आपल्याला तो निम्मा वाटत नाही, किंचित मंद झाल्यासारखा वाटतो. म्हणून लुकलुकण्यामुळेच बचत झाली असे वाटते, वास्तविक तोच दिवा निम्म्या प्रकाशावर स्थिर ठेवला असता तरी तसाच दिसला असता. उलट, बंद वेळेची भरपाई म्हणून विद्युतप्रवाह दुप्पट करावा, तर जास्त प्रवाहाला एलईडीची कार्यक्षमता घटते.

एक अपवाद आहे. सेकंदाला साधारण 8 ते 10 वेळा लुकलुकणारा प्रखर प्रकाश, तेवढ्याच प्रखर स्थिर प्रकाशापेक्षाही अधिक उजळ भासतो. याला ब्र्युके-बार्टली परिणाम म्हणतात. त्याचा व्यवहारात उपयोग करू नये, असे मला ठामपणे वाटते, कारण असा प्रकाश असह्य होतो आणि प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना त्याहून थोड्या अधिक वेगाची, विशेषतः 15 ते 25 हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला 15 ते 25 वेळा होणारी), लुकलुक झटका आणू शकते.

लुकलुक सलग दिसू लागण्याची ती मर्यादाही ठरलेली नसते. अंधुक प्रकाशात दृष्टिपटलावरील दंडपेशींवर (मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींवर) भिस्त असताना 15-20 हर्ट्झलाच प्रकाश सलग वाटू लागतो, तर भरपूर उजेडात शंकुपेशींमुळे (उजेडात काम करणाऱ्या पेशींमुळे) ती मर्यादा 60 हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. मोठ्या, उजळ पृष्ठभागाची लुकलुक सरळ पाहताना दिसत नाही, पण डोळ्याच्या कडेने दिसते.

शिवाय हे सारे नजर स्थिर असेपर्यंतच. रात्री पुढच्या गाडीच्या मागील एलईडी दिव्यांवरून नजर झटकन फिरवून पाहा: दिवा स्थिर प्रकाशाचा असेल तर सलग रेघ उमटते, लुकलुकता असेल तर सुटे ठिपके दिसतात. प्रत्येक झोत दृष्टिपटलावर वेगळ्या जागी पडल्यामुळे हे घडते, आणि काहींना ते हजार हर्ट्झच्या पुढेही दिसते. म्हणून प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी चालू-बंद पद्धतच वापरायची असेल तर वेग काही हजार हर्ट्झ ठेवावा. शक्य असल्यास मात्र स्थिर प्रवाहच कमी करावा.